तारेला ओवलेली पत्रे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या काही आठवड्यांत आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गिरगाव, लालबाग आणि परळ भागांतील जुन्या चाळींच्या पुनर्विकासाविषयी बरीच पत्रे प्रसिद्ध झाली. चटईक्षेत्र किती मिळणार, भाडे वेळेवर येणार की नाही, संक्रमण शिबिरात आणखी किती वर्षे काढायची, हे प्रश्न रास्त आहेत आणि ते मांडणाऱ्यांशी माझे भांडण नाही. मात्र खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरून जे खाली उतरते आणि तासाभरात रद्दीच्या काट्यावर चढते, त्याबद्दल या पत्रांत अवाक्षर आढळले नाही. त्याविषयी हे पत्र आहे. ते लांबले आहे याची मला जाणीव आहे. काटछाट करायचीच झाली तर ती कृपया पूर्वार्धात करावी, कारण मागणी शेवटी आहे.

मी मुंबईत एकतीस वर्षे जर्मन भाषा शिकवली आणि आता निवृत्त आहे. यंदा मार्चमध्ये माझ्या दिवंगत मावशीची गिरगावातील खोली रिकामी करायची ठरली. मावसभाऊ ठाण्याहून रजा काढून आला होता, मी हाताखाली म्हणून गेले होते, आणि रद्दीवाला गॅलरीत काटा टांगून आमची वाट पाहत बसला होता. पोटमाळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक निघाली. तिच्यात वर जुने पडदे, त्यांखाली कॅलेंडरांची भेंडोळी आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पत्रांच्या तीन तारा होत्या. पन्नाशीपुढच्या वाचकांना ही तार आठवत असेल. खाली लाकडी चकती, वर आकड्यासारखा वाक, भिंतीतल्या खिळ्याला टांगलेली. आलेले पत्र वाचून झाले, घरातल्या सगळ्यांना दाखवून झाले, की मधोमध टोचून तिच्यात ओवायचे. या तीन तारांवर माझ्या आजीने राजापूरजवळच्या गावातून १९५३ ते १९७४ या काळात मावशीला धाडलेली कार्डे आणि आंतर्देशीय पत्रे होती. रद्दीवाल्याने ती तारेसकट तोलायला नकार दिला, कारण लोखंडाचा भाव वेगळा. कागद ओढून काढा, म्हणाला. भावाने ओढायला सुरुवातही केली होती. कागदाचा भाव किलोला १४ रुपये होता आणि तिन्ही तारा मिळून पाऊण किलोदेखील भरल्या नसत्या.

ती पत्रे मी घरी आणली. त्यांतले एक कार्ड मी पुष्कळदा वाचले आहे. ‘चि. सौ.’ अशी सुरुवात, ‘अनेक आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम’, मग भात किती मण झाले, गाय व्याली, पाटाचे पाणी भावकीतल्या कोणी अडवले, आणि ‘धाकट्यास रत्नागिरीस नोकरी’ एवढ्यावर तारेचे भोक. नोकरी लागली, लागेना, की लागायची आहे, यांतले कोणते क्रियापद तारेने खाल्ले ते सांगणारे आता कोणी उरलेले नाही. आंतर्देशीय पत्रावर आत काही घालू नये अशी छापील सूचना असते, पण आजीने ती मानलेली दिसत नाही. एका पत्राच्या घडीत वहीच्या कागदाचे बोटभर चिटोरे निघाले. त्यावर पेन्सिलीने लिहिले आहे, की पाटल्या सोनाराकडे झाळायला दिल्या असे मी सर्वांस सांगितले आहे, तूही तसेच सांग. पाटल्या कशासाठी मोडल्या ते चिटोऱ्यात नाही. बाहेरच्या पत्रात मात्र त्याच दिवशी आंब्याचा मोहोर चांगला आला आहे आणि काळजी करण्यासारखे काही नाही.

हे वाचताना मला वारंवार आठवत होती ती एक जर्मन बाई, जिची पत्रे मी नोकरीत असताना वर्गात वाचून घेत असे. हेन्रिएटे गाइसबेर्ग, माहेरची हाक येटे, हिचा जन्म १८१३ मध्ये वेस्टफालिया प्रांतातील ओल्डे या गावी झाला. १८३२ मध्ये तिचे डॉक्टर बेर्नहार्ड ब्रुन्स यांच्याशी लग्न झाले. तो काळ जर्मन मुलखात अमेरिकेच्या ओढीचा होता. गोटफ्रीड डूडेन या गृहस्थाने मिसुरी नदीच्या खोऱ्याविषयी लिहिलेले वर्णन १८२९ मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि ते वाचून घरेच्या घरे बांधाबांध करू लागली होती. १८२० ते १९१४ या काळात पन्नास लाखांहून अधिक जर्मन लोक अमेरिकेत गेले, त्यांतल्या आरंभीच्या काळातली ही मंडळी. डॉक्टरसाहेब १८३५ मध्ये जाऊन जमीन पाहून आले आणि १८३६ मध्ये लहानग्या मुलाला व तिच्या भावांना घेऊन हे कुटुंब निघाले. मिसुरी राज्याच्या आज ओसेज म्हणतात त्या परगण्यात, जंगलातल्या एका नदीकाठी, जर्मन कॅथलिक लोकांची वस्ती उभी राहत होती आणि तिला त्यांनी नाव दिले होते वेस्टफालिया. मुंबईत आलेल्या कोकणातल्या माणसांनी गावकीच्या खोल्यांवर आपापल्या गावांच्या पाट्या लावल्या, त्यातलाच हा प्रकार.

ओंडक्यांच्या घरात येटेचा संसार सुरू झाला. नवरा घोड्यावर बसून कोस न् कोस रुग्ण पाहत फिरे. घर, मुले, येणारे-जाणारे आणि शेतीचा पसारा तिच्यावर. १८४१ मध्ये आमांशाच्या साथीत अवघ्या काही आठवड्यांत तिची तीन मुले गेली, आणि तीही डॉक्टरच्या घरात. पुढे कुटुंब राज्याच्या राजधानीत, जेफरसन सिटीला राहायला गेले. १८६३ मध्ये यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढणारा एक मुलगा मारला गेला. दुसऱ्या वर्षी शहराचा महापौर असलेला नवरा वारला आणि मागे कर्ज ठेवून गेला. तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या या बाईने राहत्या घरात विधिमंडळाच्या सभासदांसाठी खाणावळ काढली, जेवणाची आणि मुक्कामाचीही. १८९९ मध्ये ती वारली. या साऱ्या काळात, म्हणजे साठ वर्षांहून अधिक, ती जर्मनीत म्युन्स्टर येथे राहणाऱ्या आपल्या भावाला आणि माहेरच्या माणसांना पत्रे लिहीत होती, आणि त्या घराने ती जपली. १९८८ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या प्रकाशनाने ती इंग्रजीत छापली, त्यात त्या माहेरघरातीलच एका वंशजेचा संपादक म्हणून हात होता.

येटे ब्रुन्स कशातलीही ‘पहिली’ नव्हती, हे मला येथे मुद्दाम सांगायचे आहे. आपल्याकडे स्त्रीची घरगुती पत्रे जपली जायची असतील तर तिला आधी कशात तरी पहिली यावे लागते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात निवर्तल्या. त्यांची पत्रे आपण वाचू शकतो, ती वाचून आजही गलबलून येते, आणि ती जपणाऱ्यांचे उपकार आहेतच. आनंदीबाईंना पदवी मिळाली तेव्हा जेफरसन सिटीत बहात्तर वर्षांची येटे पत्रे लिहीतच होती. एकाच देशातून एकाच काळात दोन बायकांची पत्रे समुद्रापार जात होती. एकीची राहिली ती डॉक्टर झाली म्हणून, दुसरीची राहिली ती कोणाची तरी बहीण होती म्हणून. या दुसऱ्या कारणावर आपला अजून विश्वास बसलेला नाही. मी आजीची पत्रे घेऊन शहरातल्या एका जुन्या संस्थेत गेले, तेव्हा तेथील गृहस्थांनी चहा दिला, पत्रे हाताळली देखील, आणि अगदी सौजन्याने विचारले, ‘कोणा नामवंताशी काही संबंध?’ मी नाही म्हटल्यावर त्यांनी ती परत माझ्या पिशवीत ठेवली. त्या संस्थेला किंवा त्या गृहस्थांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्यांच्याकडे जागा नाही, माणसे नाहीत, आणि जे आहे त्यालाच वाळवी लागते आहे.

घरगुती पत्रांत असे असते तरी काय, असा प्रश्न आपल्या वाचकांपैकी काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर पत्रांत जे आहे त्याइतकेच जे नाही त्यातही असते. अमेरिकेहून आलेले पत्र जर्मन खेड्यात एकटे कोणी वाचत नसे. ते घरात, शेजारी, कधी साऱ्या आळीसमोर मोठ्याने वाचले जाई. लिहिणाऱ्याला हे ठाऊक असे. त्यामुळे किती एकर जमीन घेतली, मांस रोज खायला मिळते, साहेबापुढे टोपी काढावी लागत नाही, हे सारे मोकळेपणाने येते आणि पश्चात्ताप मात्र वाकडी वाट करून येतो. आमच्या गावी पोस्टमन अंगणात उभा राहून पत्र वाचून दाखवी आणि वाचून झाल्यावर पाणी पिऊन स्वतःचे मतही देई. मुंबईहून गेलेल्या पत्रांतही म्हणून ‘येथे सर्व ठीक’ असते. आपल्या पत्रांचा मायना तर इतका घट्ट बांधलेला, की ‘इकडील क्षेम’ लिहिल्यानंतर अक्षेम लिहायला कागदच उरू नये. उरलेच तर ते ‘ता. क.’मध्ये. आजीच्या एकशे एकोणचाळीस पत्रांपैकी ज्यांना ‘ता. क.’ आहे ती मी आधी वेगळी काढली. वरचा मजकूर सगळ्यांसाठी आणि खालचा मावशीसाठी, हे दोन-चार पत्रांतच ध्यानात आले होते.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. येटेच्या तीन मुलांच्या मृत्यूविषयी आपल्याला कळते, कारण तिने ते भावाला लिहिले आणि भावाच्या घराने तो कागद ठेवला. युरोपात त्या काळी दुःखाच्या पत्राला काळी कड असलेला कागद वापरीत आणि तो जपून ठेवीत. आपल्याकडे रीत उलटी. निधनाचे कार्ड उंबरठ्यावर वाचायचे, फाडायचे, मग आंघोळ. ते घरात ठेवायचे नाही आणि तारेला तर मुळीच ओवायचे नाही. माझ्या आजीच्या तारांवर आठ बारशी आहेत, पाच मुंजी आहेत, लग्नांची तर गणतीच नाही. माझे आजोबा १९६१ च्या पावसाळ्यात गेले, त्याचा एकही कागद नाही. जूनच्या पत्रात ते खोकत आहेत आणि ऑगस्टच्या पत्रात आजीने ‘मी आता धाकट्याकडे निजते’ असे लिहिले आहे. आमच्या रीतीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण जे कागद अपशकुनी म्हणून आपण आपल्या हाताने फाडले त्यांची भर म्हणून उरलेले तरी किलोवर विकू नयेत, असे मला वाटते.

लिपीचा प्रश्न निराळाच आहे. येटेच्या पिढीचे जर्मन लोक ‘कुरेंट’ नावाच्या वळणात लिहीत. आजचा जर्मन माणूस ते वाचू शकत नाही. त्यात ‘ए’ आणि ‘एन’ ही दोन रोमन अक्षरे इतकी सारखी दिसतात, की मला स्वतःला ती ओळखायला एक उन्हाळा लागला. शाळांतून हे वळण १९४१ च्या सरकारी आदेशानंतर गेले. अमेरिकेतल्या नातवंडांपासून तर लिपीबरोबर भाषाही तुटली. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणे म्हणजे शत्रूची भाषा बोलणे झाले. मिसुरीला लागून असलेल्या आयोवा राज्याच्या गव्हर्नराने १९१८ मध्ये शाळेत, चर्चमध्ये, सार्वजनिक जागी, इतकेच काय टेलिफोनवरदेखील इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलू नये असा फतवा काढला. पणजीची पत्रे पेटीत आहेत आणि घरात ती वाचणारा कोणी नाही, अशी कुटुंबे त्या भागात त्यामुळे पुष्कळ झाली.

हे वाचून हळहळण्याआधी आपण आपल्याकडे पाहावे. लेखणी न उचलता लिहिली जाणारी, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न मानणारी, शब्दाशब्दांत जागा न सोडणारी मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या घरांतून लिहिली जात होती, आणि आज ती वाचणारा माणूस शोधायला हिंडावे लागते. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे, ह्या चांगल्या गोष्टी आहेत. पण मोडी जाणणाऱ्यांपुढे येतात ती दप्तरे, सनदा आणि जमिनीचे कागद. पणजीची पत्रे कोणी घेऊन जात नाही. शिवाय आजीची पत्रे मोडीत नाहीत, ती बाळबोध, म्हणजे देवनागरीत आहेत, चौथी शिकलेल्या बाईच्या सुबक अक्षरात. तरी मावसभावाच्या मुलीला ती वाचता येईनात. ती मराठी उत्तम बोलते, छापील मराठी अडखळत वाचते, हाताने लिहिलेले मात्र तिला चित्रासारखे दिसते. तिने एक पत्र मोबाइलवर टिपून त्याचे वाचन यंत्राकडून करून पाहिले, तर ‘पाटल्या’चे ‘पाटील’ झाले. ही मुलगी हुशार आहे आणि दोष तिचा नाही. तीन पिढ्या आणि दोन शाळा एवढ्या अवधीत हे घडते, मिसुरीत काय आणि गिरगावात काय.

आता मागणीकडे येते. येटेसारख्यांची जर्मन पत्रे लोकांसमोर आली ती केवळ इतिहासकारांच्या विद्वत्तेमुळे नव्हे. १९८०च्या दशकात जर्मनीतील बोखुम विद्यापीठातील वोल्फगांग हेल्बिश या प्राध्यापकांनी अमेरिकेहून आलेली सामान्य माणसांची पत्रे जमवायला घेतली, तेव्हा त्यांचा भर वर्तमानपत्रांतून आणि रेडिओवरून केलेल्या आवाहनांवर होता. आपल्या पूर्वजांपैकी कोणी अमेरिकेला गेले होते काय, त्यांची पत्रे तुमच्याकडे आहेत काय, असतील तर आम्हांला पाहू द्या, एवढेच ते आवाहन. माळ्यावरच्या पेट्या त्यामुळे उघडल्या. मोलकरणींची, सुतारांची, शेतकऱ्यांची, अशुद्ध जर्मनमध्ये लिहिलेली पत्रे आली. पुढे हा संग्रह गोथा येथील संशोधन ग्रंथालयात गेला आणि आज त्यात दहा हजारांहून अधिक पत्रे आहेत. रोजनिश्यांसाठी तर १९९८ मध्ये एमेंडिंगेन या लहान गावात, तिथल्या जुन्या नगरभवनात, एक स्वतंत्र अभिलेखागार निघाले. तेथे अगदी अनामिक माणसांच्या रोजनिश्या स्वीकारल्या जातात आणि गावातले स्वयंसेवक गट करून त्या बसून वाचतात. मुंबईतल्या निवृत्त शिक्षकांना, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्यांना आणि ज्येष्ठ नागरिक कट्ट्यांवर रोज तेच राजकारण उगाळणाऱ्यांना यापेक्षा बरा उद्योग मला सुचत नाही.

तसे आवाहन आपल्या दैनिकाने करावे, अशी माझी विनंती आहे. आठवड्यातून एकदा, चार ओळींची चौकट पुरेल. ते विशेषतः स्त्रियांच्या कागदांसाठी असावे, कारण पुरुषांची पत्रे निदान मालमत्तेच्या भीतीने तरी राखली जातात. मूळ कागद कोणी कोणाला देण्याची गरज नाही. घरच्यांनी ते घरीच ठेवावेत आणि शहरातील एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे घेऊन जतन करावीत. मुंबईत १८९८ पासून चाललेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८०४ पासूनची एशियाटिक सोसायटी आहे, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे, आणि यांपैकी कोणी पुढे आले तर जागेचा प्रश्न एका कपाटाहून मोठा राहणार नाही. चिटोऱ्यांचा प्रश्न मात्र अवघड आहे. जे आजीने एकट्या मावशीला लिहिले ते मी येथे चार ओळींत का होईना आपल्या वाचकांना सांगून टाकले, ते योग्य केले की नाही हे मला अद्याप ठरवता आलेले नाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाला अमुक वर्षांपर्यंत अमुक कागद उघडू नये असे लिहून देण्याची मुभा असावी आणि ती काटेकोरपणे पाळली जावी. सासूविषयी, जावेविषयी, जातीवरून झालेल्या अपमानाविषयी आणि घरात दडवलेल्या आजारांविषयी या पत्रांत जे असते त्यासाठी तीस वर्षेही पुष्कळ होत नाहीत.

‘कागद’ या शब्दाची व्याप्तीही थोडी सैल ठेवावी. आपल्या बायकांनी रोजनिश्या लिहिल्या नाहीत, असे म्हणण्याचा प्रघात आहे. मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या मुलींच्या शाळा १८४९ मध्ये निघाल्या, त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात फुले दांपत्याची शाळा सुरू झाली होती. त्या मानाने लिहित्या बायकांची संख्या पुष्कळ दिवस थोडीच राहिली, हे खरे. प्रशिया या जर्मन राज्यात सक्तीच्या शिक्षणामुळे शेतमजुराची मुलगीही मोडकेतोडके लिहू शकत होती, हा मोठा फरक. पण पुढच्या काळाचे काय? ट्रंकेतली कॅलेंडरांची भेंडोळी मी उलगडली, तेव्हा १९७३ साली निघालेल्या कालनिर्णयाचे पहिल्या काही वर्षांपासूनचे अंक त्यांत सापडले. दर महिन्याच्या पानावर दुधाचे खाडे लावले आहेत. दूध आले नाही त्या तारखेवर बारीक फुली. त्या फुल्यांशेजारी मावशीच्या अक्षरात ‘गॅस’, ‘फी भरली’, ‘ताईला पोटात दुखले’, ‘गिरणी बंद’, ‘यांना पगार नाही’. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपाच्या वर्षात फुल्या वाढत जातात. आधी आठवड्यातून एक, मग तीन, आणि दिवाळीच्या महिन्यात अख्खा पंधरवडा दूध नाही. त्या संपावर शेकडो पाने छापली गेली आहेत. एका घरातले दूध कधी थांबले हे सांगणारे पान मी प्रथमच पाहिले.

गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांचेही तसेच. कामगारांना घरी जेवू घालणाऱ्या या बायकांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या बायकांच्या हिशेबाच्या वह्या, कोणाचे किती थकले, कोण गावाला गेला तो परतलाच नाही, हे कोणत्या पोटमाळ्यावर आहे? येटे ब्रुन्सच्या खाणावळीत कोण आमदार जेवत होते त्याचा शोध मिसुरीत लोक हौसेने घेतात. लालबागेतल्या खाणावळवालीच्या पानावर कोण जेवत होते, ते तिच्या वहीत असेल तर आपणही घ्यावा.

या कामाला उशीर करून चालणार नाही, कारण इमारतींची मुदत नोटिशीत लिहिलेली असते. मी राहते त्याच आळीत या पावसाळ्याआधी आणखी दोन चाळी रिकाम्या होत आहेत. आपल्या दैनिकाने आवाहन केले आणि कोणत्याही ग्रंथालयाने कपाट दिले, तर आठवड्यातून दोन दिवस पत्रे लावण्याचे, वाचण्याचे आणि टिपून घेण्याचे काम मी विनामोबदला करीन. बाळबोध हस्ताक्षर कितीही गिचमिड असले तरी मला लागते, जर्मनही लागते. मोडी मात्र येत नाही, त्यासाठी जाणकार शोधावा लागेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त भाषाशिक्षिका
गिरगाव, मुंबई

ता. क. हे पत्र टाकायला निघाले तेव्हा जिन्यात शेजारच्या आजींनी, दुधाच्या खाड्यांची कॅलेंडरे त्यांच्याकडेही आहेत, ती चालतील का, असे विचारले. त्यांचे सामान गुरुवारी हलणार आहे. चालतील, असे मी सांगितले आहे, आणि तूर्त ती माझ्या खाटेखाली ठेवली आहेत.